मोफत नेत्रतपासणी कुणाला महाग पडते?

डोळे तपासायला किती पैसे लागतात असे विचारले, तर आपल्या मोहल्ल्यातले पुष्कळ लोक "काहीच नाही" असे उत्तर देतील. त्यांचे चूक नाही. बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक चष्म्याच्या दुकानावर "संगणकाद्वारे मोफत नेत्रतपासणी" अशी पाटी असते. पण व्यापारात फुकट काही नसते, हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. नंबर काढणाऱ्या माणसाचा पगार, यंत्राची किंमत आणि दुकानाचे भाडे कुठून तरी वसूल व्हावे लागते. ते फ्रेम आणि काचेतून होते.

आमच्या ओळखीचे एक टेलर मास्टर आहेत. चाळिशी लागल्यापासून दर दोन वर्षांनी ते दुकानात मोफत नंबर काढून घेत आणि दोन-अडीच हजारांचा चष्मा घेऊन येत. असे बारा वर्षे चालले. शेवटी डाव्या बाजूला ठेवलेली कात्री दिसेना तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले. काचबिंदू निघाला. एका डोळ्याची नजर बरीचशी गेली होती आणि गेलेली नजर परत येत नाही. काचबिंदू दुखत नाही, लाल होत नाही. समोरचे अक्षर दिसत राहते, कडेचे मात्र हळूहळू पुसले जाते. बारा वर्षांत मास्टरांच्या डोळ्याचा दाब कुणी एकदाही मोजला नव्हता. दुकानदाराने फसवले असे आम्ही म्हणणार नाही. त्याने नंबर काढून देतो म्हटले होते, नंबर काढून दिला.

नंबर काढणे आणि डोळे तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. संगणकाचे यंत्र फक्त अंदाजे नंबर देते. तो नंबर चाचणीच्या काचा घालून, तक्ता वाचून पक्का करावा लागतो. पुढची तपासणी म्हणजे डोळ्याचा दाब (तो साधारण 10 ते 21 असावा), भिंगाच्या यंत्राखाली पुढचा भाग आणि थेंब टाकून बाहुली मोठी केल्यावर आतला पडदा. थेंब टाकल्यावर चार-पाच तास जवळचे धूसर दिसते. त्या दिवशी स्कूटर नेऊ नये, मशिनवर तर मुळीच बसू नये. साखर असलेल्यांनी पडदा दरवर्षी पाहून घ्यावा, तक्रार असो वा नसो. आई-वडिलांना किंवा भाऊ-बहिणीला काचबिंदू असेल त्यांनीही.

आता पैशांचे. तालुक्याच्या गावी नेत्रतज्ज्ञाची फी आज साधारण 200 ते 400 रुपये आहे. मुंबई-पुण्यात 500 ते 1,000, मोठ्या साखळी रुग्णालयांत त्याहून जास्त. बहुतेक ठिकाणी एवढ्यात वरची सगळी तपासणी होते. तरी दाब आणि पडदा यात धरला आहे का, हे काउंटरवर आधीच विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही. फील्ड किंवा ओसीटी अशा चाचण्या सांगितल्या तर त्यांचे पैसे वेगळे लागतात, ते हजारांच्या घरात जाऊ शकतात. संशय असेल तर त्या जरूर कराव्यात, पण कशासाठी, हे डॉक्टरांना विचारून. या फीवर जीएसटी नाही. चष्म्याच्या फ्रेम आणि काचांवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. पावतीवर तो नीट लावला आहे ना, ते पाहावे.

ज्यांना एवढेही झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारी दवाखाना आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. रांग लागते, अर्धा दिवस जातो हे खरे. रोजंदारीवरच्या कारागिराला अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी, तीही हिशेबात धरली पाहिजे.

पण नजर कमी असल्याने रोज किती मजुरी जाते, तेही धरा. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे देऊन पाहिले, तेव्हा त्यांची पाने खुडण्याची क्षमता चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 21 टक्के जास्त वाढली. हा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. भिवंडी-मालेगावच्या मागावर तुटलेला धागा जोडणाऱ्याला किंवा मदनपुऱ्यात जरीचा टाका घालणाऱ्याला हे आकडेवारीने पटवावे लागणार नाही. कारखानदारांनी वर्षातून एकदा आपल्या माणसांना पगारी अर्धी सुट्टी देऊन तपासणीला पाठवावे, असे आम्हांस वाटते. खर्च फारसा नाही आणि तो मालातच परत मिळतो.

आता आपल्या चष्मेवाल्या बांधवांकडे वळू. आमचे म्हणणे असे की "मोफत"ची पाटी उतरवावी आणि नंबर काढण्याचे शंभर रुपये उघडपणे घ्यावेत. चष्मा आपल्याकडेच घेतला तर ते बिलातून वजा करावेत. नंबराची चिठ्ठी गिऱ्हाईकाच्या हातात द्यावी, त्याने चष्मा कुठेही घेवो. चाळिशीपुढच्या गिऱ्हाईकाच्या चिठ्ठीवर "डोळ्याचा दाब तपासलेला नाही" एवढी एक ओळ छापून घ्यावी.

ही सूचना आम्ही एका दुकानदार मित्रापुढे ठेवली. ते हसले. म्हणाले, "भाई, मी फी लावली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल." भीती खोटी नाही. एकाच रस्त्यावर चार दुकाने असतील तर चौघांनी एकदम ठरवल्याशिवाय हे होणार नाही. पण छापलेल्या त्या एका ओळीला काही खर्च नाही. ती तरी घालाल का, असे विचारल्यावर मात्र त्यांनी मास्टरांचे वय किती, असे आम्हांला विचारले. बावन्न, आम्ही सांगितले.

"माझेही तेवढेच," ते म्हणाले, आणि डॉक्टर कुठले पाहावेत याची चौकशी करू लागले.