मैदान गेले, स्वरूप राहिले

एका स्नेह्याने दिवाळीनंतर एका व्याख्यानाचे छापील टिपण पाठवले आणि वर लिहिले, ‘रक्तदाबाची गोळी घेऊन मग वाचा.’ गोळी घेतली, उपयोग झाला नाही. व्याख्याते शहरांचे जाणकार म्हणून ओळखले जातात. भाषा गोड, आकडे तोंडपाठ. नाव सांगत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. आजकाल ते इतक्या तोंडांतून ऐकू येते की मूळ तोंड कोणते हे शोधण्यात काही मतलब उरलेला नाही.

पूर्वपक्ष असा. शहरात माणसे फार, घरे कमी. घरे बांधायची तर जमीन मोकळी व्हायला हवी आणि त्यासाठी विकास आराखड्यात वेळोवेळी बदल हवेत. पण बदलाचा प्रस्ताव आला रे आला की जुने रहिवासी हरकतींचे गठ्ठे घेऊन हजर. स्वतःचा फ्लॅट झाला, आता मागून येणाऱ्यांसाठी दार लावून घ्यायचे. नगररचना हे शास्त्र आहे, ते तज्ज्ञांवर सोपवावे. आणि हरकत घ्यायचीच तर मुदतीत घ्यावी, पाया खणून झाल्यावर बोंब मारू नये. सारांश, शेजारी म्हणजे विकासाच्या पायातला खोडा. मी हे जरा आखडून सांगितले असेल. पण त्यांनीही आपल्या व्याख्यानात आम्हा शेजाऱ्यांना काही ऐसपैस बसायला दिलेले नाही.

शास्त्राचे आधी उरकतो. मुंबईचा नवा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो तज्ज्ञांनीच केला होता. त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते आणि वर्षानुवर्षे चाललेल्या शाळा-रुग्णालयांवर भलत्याच नोंदी होत्या. हे कोणाला दिसले? त्या रस्त्यांवर राहणाऱ्यांना. दोनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, सरकारला तो बाजूला ठेवून नव्याने काम करायला सांगावे लागले. शास्त्राला आमचा विरोध नाही. शास्त्राने एकदा खाली उतरून गल्लीत चक्कर मारावी, एवढेच म्हणणे.

उशीर हरकतींमुळे होतो म्हणे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठीचा. तो हरकतींसाठी लोकांसमोर आला २०१३ मध्ये. म्हणजे पहिली हरकत नोंदवण्याची सोय होण्याआधीच सहा वर्षे गेली होती. ती कोणत्या शेजाऱ्याने खाल्ली? पुढे ८० हजारांहून अधिक हरकती आल्या, त्यावर आमचे व्याख्याते ‘झुंडशाही’ म्हणून हसतात. जानेवारी २०१७ मध्ये शासनाने मंजुरी दिली तेव्हा आराखड्याचे निम्मे आयुष्य सरले होते. या दहा वर्षांत नागरिकांच्या वाट्याला हरकतींची ठरावीक मुदत आणि सुनावणीची काही मिनिटे आली. बाकीचा काळ फाइल कोणत्या टेबलावर होती, ते व्याख्यानात नाही.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येतो. तो आहे मुदतीचा. हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षे ऐकतो आहे, वेगवेगळ्या खुर्च्यांतून, पण एकाच सुरात: ‘तुम्ही वेळेवर हरकत का नाही घेतली?’

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल करता येतो. राजपत्रात सूचना द्यायची, हरकतींसाठी महिन्याभराची मुदत ठेवायची, सुनावणी घ्यायची आणि प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. कागदावर याहून सभ्य व्यवस्था सापडायची नाही. पण ती सूचना कधी वाचली आहे का? वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिका आणि बदललेली नावे यांच्या शेजारी, मुंगीच्या अक्षरात ती असते. ‘मौजे अमुक येथील स.नं. तमुक पै क्षेत्र खेळाच्या मैदानाच्या आरक्षणातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे.’ त्या एका ‘पै’मध्ये जमिनीचा कोणता तुकडा दडला आहे, हे वाचणाऱ्याच्या सात पिढ्यांना कळणार नाही. नकाशा पाहायचा असेल तर तो कार्यालयीन वेळेत, सुट्टीचे दिवस सोडून. म्हणजे ज्यांना पोट भरण्यासाठी कामावर जावे लागते, ते सोडून इतरांसाठी.

सरकार जमीन नंबराने ओळखते आणि माणूस ती झाडाने, देवळाने, चक्कीने ओळखतो. साऱ्या भांडणाचे मूळ इथे आहे असे मला वाटते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सुनावणीला मी गेलो होतो. कार्यालय कोणते ते जाऊ द्या, सगळी सारखीच असतात. सकाळी दहाची वेळ दिलेली, टोकन हातात, जिन्यावर दोनशे माणसे. माझ्यापुढे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. आत गेल्यावर साहेबांनी मान वर न करता विचारले, “आजोबा, सर्व्हे नंबर?” म्हातारबा म्हणाले, “नंबर नाही माहीत साहेब. पिंपळाच्या पारासमोरचं मैदान. आमची नातवंडं तिथं खेळतात.” साहेबांनी यादी चाळली. यादीत पिंपळ नव्हता. “नंबर घेऊन या,” ते म्हणाले आणि शिपायाने पुढचे टोकन पुकारले. आयुष्यभर अर्धवट पत्त्यांची पाकिटे बरोबर घरी पोचवणाऱ्या माणसाला पत्ता अपुरा म्हणून परत पाठवले गेले. जिन्यावर ते मला एवढेच म्हणाले, “आमच्या वेळी ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढं पुरायचं हो.”

मी नंबर घेऊन गेलो होतो, त्यामुळे मला बोलू दिले. किती वेळ ते घड्याळात पाहिले नाही, पण चष्म्याच्या घरातून चष्मा काढून होईपर्यंत ‘ठीक आहे, लेखी दिलंय ना?’ आले होते. त्या लेखीचे काय झाले, हरकत का फेटाळली, याचे एका ओळीचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. आणि हे जाणकार विचारतात, वेळेवर हरकत का नाही घेतली! घेतली होती हो. पोच आहे माझ्याकडे, गोल शिक्क्याची.

फेरबदलाने बाधित होणाऱ्या व्यक्तींना स्वतंत्र नोटीस द्यावी, असे त्याच कलमात आहे. व्यवहारात बाधित म्हणजे बहुधा जमिनीचा मालक, म्हणजे ज्याचा फायदा व्हायचा आहे तोच! ज्याच्या खिडकीसमोर चौदा मजले येणार, ज्याच्या नळाचे पाणी अर्ध्यावर येणार, तो बाधित नाही. त्याने राजपत्र वाचावे. रोज सकाळी, चहाबरोबर.

शिवाय सूचना कोण काढतो आणि हरकत कोण ऐकतो, हेही पाहा. आपल्या मोठ्या महापालिकांत मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेली मुख्य सभाच नव्हती. प्रशासकाने प्रस्ताव मांडायचा आणि मुख्य सभेच्या वतीने त्यानेच तो मंजूर करायचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवायच्या कामांची यादी दिली आहे, तिच्यात पहिले नाव नगररचनेचे आहे. पालिकेतच कोणी नसेल तर नागरिकाने दार वाजवायचे कुणाचे?

याच कलमातली एक गंमत सांगायची राहिली. फेरबदल असा हवा की त्याने आराखड्याचे मूळ स्वरूप बदलू नये, अशी अट त्यात आहे. लोकांच्या आणि कार्यालयाच्या बोलण्यात म्हणूनच त्याला ‘किरकोळ फेरबदल’ म्हणतात. मैदान जाते, स्वरूप बदलत नाही. बागेचे वाहनतळ होते, स्वरूप बदलत नाही. शेती विभागाचा रहिवास विभाग होतो आणि विहिरीवर क्लब हाउस उभे राहते, तरी स्वरूप जिथल्या तिथे, आत्म्यासारखे अविनाशी. एकेक किरकोळ फेरबदल वीस वर्षे मांडत जा आणि मूळ नकाशा शेजारी ठेवा. आजोबांनी ओळखला असता तो पिंपळच काय, मौजेसुद्धा ओळखू येणार नाही.

म्हणून ‘विकासविरोधी’ हा शब्द मला फार मजेशीर वाटतो. विकास आराखडा सरकारने केला, सरकारने मंजूर केला, त्यात मैदान सरकारने दाखवले. शेजारी म्हणतो, ‘तुमचा आराखडा पाळा.’ तो विकासविरोधी! आणि जो म्हणतो, ‘आराखडा गेला उडत, एवढा तुकडा मला द्या,’ तो विकासक. पदवीदान समारंभात पदव्यांची अदलाबदल झालेली दिसते.

घरांचे म्हणाल, तर गिरणगावची आठवण करून देतो. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: मोकळ्या जागा, परवडणारी घरे आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या शेडखालची जमीन वाटणीतून बाहेर, म्हणजे जवळजवळ सगळीच बाहेर. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. सुमारे सहाशे एकरांतली घरे आणि मैदाने हरकत घेणाऱ्यांनी अडवली नव्हती. हरकत घेणारे तर ती मागत होते. या विषयावर मी पूर्वी एकाशी इतका भांडलो आहे की त्याने माझ्याकडे लग्नाची पत्रिकाही पाठवली नाही. असो.

जमीनमालकाची कैफियत मात्र खरी आहे. सातबाऱ्यावर नाव, नकाशात आरक्षण, आणि पालिका ना जमीन घेते ना सोडते. दहा वर्षे थांबून कलम १२७ ची नोटीस द्यायची, पुढे आणखी चोवीस महिने वाट पाहायची, तेव्हा कुठे आरक्षण सुटते. पण त्याची जमीन अडकवली ती पैसे न देणाऱ्या पालिकेने. समोरच्या चाळीतल्या काकूंनी नव्हे.

एक मुद्दा त्यांना देऊन टाकतो, कारण तो बरोबर आहे. काही सोसायट्या झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत शेजारी नको म्हणून पर्यावरणाचे नाव घेतात, कामवाल्या बाईंना लिफ्ट नाकारणारे लोक अचानक चिमण्यांसाठी रडतात. अशा हरकती फेटाळाव्यात, तोंडावर फेटाळाव्यात. पण फेटाळताना कारण लिहावे. म्हणजे खऱ्या हरकतीलाही कारण लिहावे लागेल.

मग आमचा पक्ष काय? फार मोठा नाही. ज्या जमिनीचा फेरबदल करायचा, त्या जमिनीवरच फलक लावा: साध्या मराठीत, नकाशासकट, पिंपळ आणि पार दाखवून, शेवटच्या तारखेसह. सुनावणी संध्याकाळी किंवा रविवारी, त्याच वस्तीतल्या शाळेत घ्या. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या आणि क्षेत्रीय कार्यालयात त्या उत्तरांची वही ठेवा. एक मैदान काढाल तर त्याच वस्तीत चालत जाता येईल अशी दुसरी जागा आधी ताब्यात घ्या. यात नवे शास्त्र काही नाही, हे मला मान्य आहे. व्याख्यानाला पुरेल इतका मजकूरही नाही.

आमच्या भागातल्या आणखी एका मैदानाची सूचना गेल्या आठवड्यात निघाली आहे, नवव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. तुमच्याकडेही निघाली असेल, जरा पाने उलटून पाहा. सापडली तर नंबर उतरवून घ्या आणि क्षेत्रीय कार्यालयातून भाग नकाशा पाहून या. हरकतीचा अर्ज साध्या कागदावर चालतो. दोन प्रती करा आणि आवक-जावकच्या खिडकीतून शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका.