विचारा, आणि थांबा

प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या कार्यशाळेत मी बरीच वर्षं काम करते आहे. तिथे चाळिशी ओलांडलेल्यांनाही आपण ‘मुलं’च म्हणतो. ‘मुलं जेवली का?’ या विचारण्यात माया असते, पण त्या मायेपाठोपाठ सगळं आपणच ठरवण्याची सवयही येते. शर्ट कोणता, भात किती, दिवा कधी मालवायचा, सगळंच.

आमच्याकडचे एक दादा बोलत नाहीत. त्यांच्या कपात रोज अर्धा चहा उरायचा. ‘त्यांना चहा कमीच लागतो,’ असं आम्ही ठरवून टाकलं होतं. एके दिवशी आमच्या मदतनीस मावशींनी त्यांच्यापुढे दोन कप ठेवले, एक दुधाचा आणि एक कोरा. ‘दादा, कोणता?’ एवढं विचारून त्या गप्प उभ्या राहिल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग दादांनी कोरा चहा पुढे ओढला आणि कप रिकामा केला. आम्हाला फार वाईट वाटलं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

स्वतःची निवड स्वतः करण्याचं स्वातंत्र्य संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारात मूलतत्त्व म्हणून नोंदलं आहे. भारतानं 2007 मध्ये तो करार स्वीकारला. आपल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्वही त्या व्यक्तीच्या इच्छेला धरूनच चालायचं असतं. पण रोजच्या जगण्यात हा हक्क मिळतो की नाही, हे मावशींच्या आणि काळजीवाहक दादांच्या हातात असतं. म्हणून त्यांना हे नीट शिकवायला हवं.

‘चहा हवा का?’ असं विचारलं की अनेकजण सवयीनं ‘हो’ म्हणतात. त्यापेक्षा दोन खऱ्या वस्तू समोर धराव्यात. काहीजण आपण शेवटी उच्चारलेला शब्दच परत म्हणतात, म्हणून क्रम बदलून पुन्हा विचारावं. विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजावेत, मध्ये बोलू नये. नजर, हात, मान फिरवणं, घास बाहेर काढणं, हीही उत्तरंच आहेत. कळलेली आवड वहीत लिहून ठेवली, तर पुढच्या पाळीतल्या माणसाला ती आयती मिळते.

जिथे पर्याय नाही, तिथे खोटा प्रश्न विचारू नये. रोजची गोळी घ्यायचीच असेल, तर ‘घ्यायची का?’ म्हणू नये. ‘पाण्याबरोबर की ताकाबरोबर?’ असं विचारावं, मात्र डॉक्टरांची त्याला हरकत नसावी. आणि जिथे खरंच विचारलं, तिथे ‘नको’ आलं, तर ते मानावं. ‘नको’ला किंमत नसेल, तर ‘हो’लाही उरत नाही.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे, हे नुसत्या भाषणानं शिकवू नका. कर्मचाऱ्यांच्या जोड्या करा आणि एकानं दुसऱ्याला न विचारता, न बोलता पाच मिनिटं भरवू द्या. घशाशी आलेला तो घास कुणी विसरत नाही. शिवाय एका मावशींकडे सकाळी आठजणांच्या आंघोळी असतील, तर त्यांना दोष देऊ नका. आधी हाताशी माणूस द्या. तोवर दिवसातली एकच वेळ धरा, चहाची किंवा कपड्यांची, पण ती चुकवू नका.

घरच्यांनाही सांगणं आहे. तुमचा भाऊ, तुमची लेक तुमच्यापाशी आहे, तोवरच त्यांना निवडायची सवय लावा. त्यांच्या आवडीनिवडी आज फक्त तुम्हाला माहीत आहेत. उद्या अनोळखी हात त्यांना वाढतील, तेव्हा नको असलेली वाटी बाजूला सारणं त्यांचं त्यांना जमलं पाहिजे. आज रात्रीच्या जेवणात दोन भाज्या असतील, तर वाढण्याआधी दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा. आणि थांबा.