नावाआधी ‘पद्मश्री’ नको

चातुर्मासातील सत्कार-समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेचा कच्चा मसुदा गेल्या पंधरवड्यात माझ्याकडे तपासणीसाठी आला. प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी ठळक अक्षरांत ‘पद्मश्री’ छापले होते. मी तो शब्द खोडला. सायंकाळी मंडळातील एक ज्येष्ठ काका दुकानात आले आणि काहीशा रोषाने म्हणाले, ‘‘अहो, राष्ट्रपतींनी दिलेला मान तुम्ही एका रेघेत काढून घेतलात!’’ त्यांचा राग समजण्याजोगा होता. पण रेघही बरोबर होती.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या दरबारात जंग, दौला, मुल्क असे चढत्या क्रमाने किताब मिळत. सावकार-शेठांच्या वाट्याला एखादे वेळी ‘राजाबहादूर’ येई. पलीकडे इंग्रजी मुलखात रावसाहेब आणि रावबहादूर होते. किताब एकदा नावाला चिकटला की धनी गेला तरी घराच्या पाटीवरून तो उतरत नसे. स्वतंत्र भारताच्या घटनेने ही प्रथा मोडली. सैनिकी किंवा विद्याविषयक मान वगळता राज्य कोणालाही किताब देणार नाही, असे कलम १८ सांगते.

सैनिकांसाठीचे परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. त्यावरील इंद्राच्या वज्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. जन्माने स्विस असलेल्या या बाई एका मराठी सैन्याधिकाऱ्याची पत्नी होत्या. नागरी सन्मान १९५४ साली आले. भारतरत्न आणि पहिला, दुसरा, तिसरा अशा तीन वर्गांचे पद्मविभूषण अशी ती योजना होती. पुढच्याच वर्षी त्या वर्गांना पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री ही नावे मिळाली. हे मागच्या दाराने परतलेले किताबच नव्हेत काय, ही शंका मात्र राहिली. १९७७ ते १९८० या काळात तत्कालीन सरकारने हे सन्मान बंदच ठेवले होते. अखेर १५ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला. हे सन्मान किताब नाहीत, म्हणून घटनेला धरून आहेत. मात्र ते नावाच्या आधी वा नंतर लावता येणार नाहीत, आणि जो लावील त्याचा सन्मान काढून घेता येईल. म्हणजे आमच्या पत्रिकेने पाहुण्यांचा मान वाढण्याऐवजी धोक्यात आला असता! सन्मानितास राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळते. रोख रक्कम नाही, रेल्वेची सवलत नाही.

मला हा निर्णय आपल्या तत्त्वज्ञानाच्या फार जवळचा वाटतो. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांत मानाचा क्रमांक दुसरा आहे. पण आपल्या पत्रिका पाहाव्यात : दानवीर, समाजभूषण, संघरत्न यांच्या गर्दीत मूळ नाव शोधावे लागते. माझ्याही नावाआधी कोणी तरी एक ‘समाजभूषण’ लावून ठेवले आहे. ते कोणी आणि कशासाठी दिले, हे आता मलाच आठवत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. आज ‘पद्मभूषण भाऊराव’ असे कोणी म्हणत नाही. लोकांनी दिलेले ‘कर्मवीर’ तेवढे राहिले.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातील दहिवंडी गावी शब्बीर सय्यद राहतात. लोक त्यांना शब्बीरमामू म्हणतात. खाटिकाचा धंदा करणाऱ्या त्यांच्या वडिलांनी तो सोडून गाई सांभाळायला घेतल्या आणि मुलाने तेच व्रत पुढे चालवले. अवर्षणाच्या मुलखात, जेथे शेतकरीच चाऱ्याअभावी जनावरे विकायला काढतो, तेथे त्यांनी शंभराहून अधिक गुरे पोसली. उत्पन्न काय, तर शेणखताचे. बैल द्यायचा तो शेतकऱ्यालाच, आणि तोही कसायाला विकणार नाही असे वचन घेऊन. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जीवदयेवर व्याख्याने ठेवणाऱ्या आपल्या समाजापैकी किती जणांनी त्याआधी त्यांचे नाव ऐकले होते, हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारला. उत्तर मला आवडले नाही.

काकांना मी हे सारे सांगितले. त्यांचा राग निवळला, पण नवी शंका आली : ‘‘मग दिल्लीला नाव कळवते कोण?’’ कोणीही कळवू शकतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार संकेतस्थळावर कोणत्याही नागरिकाला नामांकन भरता येते. २०२६ च्या सन्मानांसाठी ही मुदत १५ मार्च ते ३१ जुलै २०२५ अशी होती. व्यक्तीच्या कार्याचे वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत द्यावे लागते. मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती नावे पाहते, पुढे ती पंतप्रधान व राष्ट्रपतींकडे जातात. मरणोत्तर आणि परदेशस्थ सन्मान सोडले तर वर्षाला १२० हून अधिक पद्म सन्मान दिले जात नाहीत. व्यापार व उद्योग हेही एक क्षेत्र त्यात आहे. स्वतःचे नाव स्वतः सुचवण्याचीही मुभा आहे. त्या सोयीची आठवण आपल्याला वेगळी करून द्यायला नको.

‘‘आपल्या मोंढ्यातून कोणाचे नाव पाठवाल?’’ मी विचारले. काकांनी क्षणाचाही विचार केला नाही. ‘‘गोशाळेतले तात्या.’’ माझ्याही मनात तेच होते. तीस वर्षांहून अधिक काळ हा माणूस जखमी जनावरांच्या जखमा धुतो आहे. पावसात, रात्री-अपरात्री, महामार्गावर आडवी पडलेली वासरे हातगाड्यावर घालून आणतो. मी वही उघडली. आधी संपूर्ण नाव लिहायचे होते.

‘‘तात्यांचे नाव काय हो?’’

काकांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. गोशाळेच्या दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत, त्यांतली तीन नावे आमच्याच घरांतली; तेथे ते मिळण्याजोगे नव्हते. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘‘उद्या सकाळी जाऊन विचारू.’’