गोळीचा डोस आणि आईची वही



चंदगडहून एका भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. मुलगा तिसरीत. वर्गात एका जागी बसत नाही, वही अर्धी सोडतो, दप्तरातली पेन्सिल रोज हरवतो, म्हणून शाळेतून चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या. शेवटी बेळगावच्या एका खाजगी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी तपासून ‘एडीएचडी’, म्हणजे अवधान कमी आणि चंचलता जास्त, असं निदान केलं आणि गोळी सुरू केली. सुरुवातीला पाच मिलिग्रॅम सकाळी, पाच दुपारी. महिन्याने सकाळची दहा झाली. बाईंचा अक्षर सुधारल्याचा निरोप आला, पण डबा तसाच परत येऊ लागला. संध्याकाळी पाच वाजले की चिडचिड, आदळआपट. सासूबाई म्हणतात, “पोरगं कसं गप्प-गप्प झालंय, औषधानं मारून टाकलंत त्याला.” मिस्टर म्हणतात, दर खेपेला फी, एस.टी.चं भाडं, शिवाय दिवस मोडतो. ह्या सगळ्याला कंटाळून भगिनी लिहितात, “गेले आठ दिवस मी कोणालाही न सांगता गोळी अर्धी करून देते आहे. आता बंदच करू का?”

भगिनी, तुमची तगमग समजते. आईच्या डोळ्यांसमोर ताट तसंच राहिलं की तिला दुसरं काही सुचत नाही. पण आधी ही चोरून दिलेली अर्धी गोळी थांबवा आणि आजच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून खरं काय ते सांगा. कारण साधं आहे. डॉक्टरांच्या कागदावर पूर्ण गोळी आहे, पोटात अर्धी जाते. पुढच्या भेटीत तुम्ही सांगाल, “हल्ली पुन्हा लक्ष लागत नाही.” डॉक्टर समजतील की पूर्ण गोळीसुद्धा पुरत नाही, आणि डोस वाढवतील. म्हणजे कमी करायला गेलात आणि जास्त होऊन बसलं! गोळी जर दिवसभर हळूहळू विरघळणारी असेल, तर ती मोडणं आणखी वाईट. सगळं औषध एकदम सुटतं.

आता मुळातली गोष्ट. डोस बदलावा लागला म्हणजे डॉक्टर चुकले किंवा औषध फसलं, असं बहुतेक घरांत समजतात. तसं नाही. मेथिलफेनिडेट ह्या गोळीचा डोस मुलाच्या वयावरून किंवा वजनावरून थेट काढता येत नाही. एकाच वयाच्या दोन मुलांना वेगवेगळा लागतो. म्हणून थोड्यापासून सुरुवात करायची, आठवड्या-आठवड्याने पाहत वाढवायचं, आणि जिथे फायदा पुरेसा व त्रास कमी, तिथे थांबायचं, हीच त्याची रीत. जावेच्या माहेरच्या मुलाला वीस चालते म्हणून आपल्याला दहा कशी पुरेल, हा हिशेब इथे लागू नाही. औषध नवीनही नाही. १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लेआंड्रो पानिझोन ह्या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केलं. त्याच्या पत्नीचं लाडकं नाव रीटा, त्यावरून ‘रिटालिन’ हे व्यापारी नाव पडलं. इतक्या वर्षांत त्याचे गुण आणि दोष दोन्ही चांगले ठाऊक झाले आहेत.

पण एक अडचण आहे. मूल दवाखान्यात असतं दहा-पंधरा मिनिटं. नव्या जागी तेवढा वेळ ते शहाण्यासारखं बसतंसुद्धा. उरलेला दिवस कोण पाहतं? तुम्ही, सासूबाई आणि शाळेतल्या बाई. तुम्ही तिघींनी जे पाहिलं ते डॉक्टरांपर्यंत गेलं नाही, तर ते डोस ठरवणार कशावरून? म्हणून शंभर पानी वही आणा आणि रोज रात्री पाच मिनिटं देऊन एवढं लिहा:

१. गोळी किती वाजता दिली, किती दिली.
२. न्याहारी, डबा, रात्रीचं जेवण: पूर्ण, अर्धं की नुसतं चिवडलं.
३. किती वाजल्यापासून मूल शांत, किती वाजता पुन्हा सुरू.
४. चिडचिड किंवा रडणं झालं तर नेमकी वेळ.
५. झोप कधी लागली.
६. डोकेदुखी, पोटदुखी, डोळे मिचकावणं असं काही नवीन.
७. आठवड्यातून एकदा शाळेच्या बाईंचे दोन शब्द.

‘बरा होता’, ‘त्रास दिला’ असं मोघम लिहू नका. ‘साडेपाचला ताट ढकललं, सातला स्वतःहून जेवला’ असं लिहा. ह्या ओळींतून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. साध्या गोळीचा अंमल तीन-चार तासच असतो. अकराला गुण संपत असेल तर ते वेळ बदलतील किंवा आठ ते बारा तास चालणारं औषध देतील. संध्याकाळी ठराविक वेळीच चिडचिड होत असेल, तर ती बहुधा औषध उतरतानाची असते, आणि तिच्यावरही इलाज निघतो. झोप उडाली असेल तर शेवटची गोळी आधी घ्यायला सांगतील.

आणि सासूबाईंचं म्हणणं? त्यांच्याशी वाद घालू नका, ते वहीत लिहा. त्यांचे शब्द टोचले असतील, पण निरीक्षण मोलाचं आहे. औषधाचा हेतू मुलाला गप्प करण्याचा नाही. आपलं हसरं मूल दिवसभर मलूल, खेळ सोडून एकटं बसत असेल, तर डोस जास्त होत असल्याची ती खूण असू शकते, आणि डॉक्टरांनी ती ऐकलीच पाहिजे. जमलं तर पुढच्या खेपेला सासूबाईंनाच बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचीही धास्ती कमी होईल.

जेवणाचं थोडं घरातच जमवता येतं. गोळीच्या आधी पोटभर न्याहारी होऊ द्या: नाचणीची भाकरी तुपाबरोबर, अंडं, दूध. डब्यात थोडंच, पण सकस द्या. चंदगडला काजूंचा तुटवडा नाही, शेंगदाण्याची चिक्की आहे. रात्री भूक परतते, तेव्हा आठ-साडेआठला पुन्हा थोडा वरण-भात वाढा. डब्यावरून मुलाला बोलू नका, भूक लागत नाही हा त्याचा हट्ट नव्हे. दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करून तारीख घाला, वजन दर महिन्याला नोंदवा. डोस बदलला की आधी व नंतर नाडी आणि रक्तदाबही पाहायचा असतो. वजन सारखं उतरत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आता खाजगी दवाखान्याचं आणि अंतराचं. मेथिलफेनिडेट हे कायद्याने ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. त्याच्या चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि ते विकायला वेगळा परवाना लागतो. म्हणून प्रत्येक औषधाच्या दुकानात ते मिळत नाही. बेळगावहून निघण्यापूर्वीच गोळ्या घ्या आणि मोजून घ्या. २०२०च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार हे औषध व्हिडिओवर तपासून लिहून देता येत नाही, भेट घ्यावीच लागते. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबरच्या तारखा आधीच ठरवा, शेवटची गोळी उरेपर्यंत थांबू नका.

पहिल्याच भेटीत चार प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून घ्या. डोस बसेपर्यंत किती दिवसांनी यायचं? मध्ये काही झालं तर फोन कोणाला करायचा? सुटीत गोळी द्यायची की नाही? औषधाची गरज आहे का, हे पुन्हा कधी तपासणार? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. फी आपण देतो, आणि मूलही आपलं आहे. अगोदर मात्र घरात कोणाला हृदयविकार, लहान वयात अचानक मृत्यू किंवा फिट येणं असं काही असेल, तर लपवू नका.

ही गोळी सोसली नाही म्हणजे रस्ता संपला, असंही नाही. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसऱ्या तऱ्हेचं औषध आहे. ते ‘शेड्यूल एक्स’मध्ये येत नाही. मात्र त्याचा पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा आठवड्यात निकाल लावू नका. त्याची कॅप्सूल फोडू नये, आतली पूड डोळ्यांना झोंबते.

काही गोष्टींना वही नको, तातडीने डॉक्टरच हवेत: छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, छाती फार धडधडणं, नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं, “मला जगायचं नाही” असं बोलणं. गोळी द्यायची राहिली तर दुप्पट देऊ नका, संध्याकाळी तर देऊच नका. गोळ्या कुलपात ठेवा. शेजारणीच्या मुलाला ‘बघू या एक देऊन’ असं कदापि करू नये.

खर्च खरोखरच झेपत नसेल, तर औषध मध्येच तोडण्यापेक्षा डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे आतापर्यंतची फाइल आणि तुमची वही घेऊन जाता येईल. शिवाय सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे. मन फार भरून आलं तर स्वतःसाठीसुद्धा तिथे बोला.

गोळीने मूल ऐकण्याच्या स्थितीत येतं, शिस्त आणि सवयी मात्र आपण लावायच्या असतात. शाळेत पुढचा बाक मागून घ्या, घरी एका वेळी एकच काम सांगा, आणि ते केलं की लगेच शाबासकी द्या.

तर भगिनी, औषध बंद करायचं की चालू ठेवायचं, हे तुम्ही एकटीने स्वयंपाकघरात ठरवू नका. आज फोन, उद्यापासून वही, आणि पंधरा दिवसांनी दोन्ही घेऊन भेट. अर्धी गोळी दिली ते दिवससुद्धा तारखेनिशी लिहा. डॉक्टर रागावतील ह्या भीतीने ते पान कोरं ठेवू नका. मुलगा डबा संपवायला लागला की आम्हाला जरूर कळवा.