भुसा पाणी शुद्ध करेल, पण भरलेला भुसा कोण उचलणार?

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी त्याच तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते ‘शुद्ध’ केले! माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही. ते बाटते शिसे, कॅडमियम, क्रोमियमने. यांना ना रंग, ना वास. पाणी उकळले तरी ते जात नाहीत, उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते.

मग ते निघतात कशाने? आपल्या शिरपूर-चोपड्याच्या शिवारात जे बांधावर फेकले जाते त्याने. केळीची साल आणि खांब, भुईमुगाची टरफले, कपाशीच्या पऱ्हाट्या. यातल्या सेल्युलोज, पेक्टिन, लिग्निनवरचे रासायनिक गट धातूचे कण धरून ठेवतात. मात्र पाण्याची आम्लता जुळावी लागते : शिसे सौम्य आम्लात चांगले धरले जाते, सहा-संयुजी क्रोमियमला तीव्र आम्ल लागते. म्हणून माठात केळीची साल टाकून पाणी प्या, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. साल सडते, जंतू वाढतात, आणि धातू किती उरला हे डोळ्यांना दिसत नाही.

हे विज्ञान खरे आहे आणि स्वस्तही आहे. माझे भांडण त्या ‘स्वस्त’ शब्दाशी आहे. श्रीमंताच्या घरी आरओ आणि वस्तीला भुसा, हे आम्हाला मान्य नाही. भुसा लावायचाच तर कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी लावा, कारखान्याच्या खर्चाने. तामिळनाडूच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1996 मध्येच ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व मान्य केले आहे. (चामडे कमावणारे हात आपलेच, त्यामुळे क्रोमियमही आधी आपल्याच अंगाला लागले.)

आणि संशोधकांच्या भाषणात न येणारा प्रश्न : भरलेला भुसा जातो कुठे? धातू नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. आम्लाने धुतला तर तो आम्लात उतरतो. जाळला तर थोडा धुरात, बाकी राखेत. तो घातक कचरा आहे. ज्या देशात गटारात उतरून मरणारे कोण हे आपल्याला माहीत आहे, तिथे हा कचरा हातमोज्यांशिवाय कोण उचलेल, हे वेगळे सांगायला हवे का?

शिरपूर पॅटर्नचे कौतुक देशभर झाले : नाले खोल-रुंद केले, बंधारे बांधले, विहिरींना पाणी आले. चांगले झाले. पण पाणी किती आले हे मोजले, ते कसे आहे हे वस्तीच्या हातपंपावर कुणी मोजले? शिरपूरच्या पाण्यात शिसे आहे असा माझा आरोप नाही. तपासणीचा कागद दाखवा, एवढीच मागणी आहे. मानक स्पष्ट आहे : लिटरमागे शिसे 0.01 मिलिग्रॅम, कॅडमियम 0.003, क्रोमियम 0.05. गावात येणाऱ्या साध्या तपासणी-पेटीत हे धातू सहसा नसतात, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच जावा लागतो.

चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने 1924 सालीच कागदावर खुले झाले होते. तरी तीन वर्षांनी महाडला जावे लागले. म्हणून पुढच्या ग्रामसभेत नुसता ठराव नको. वस्तीतल्या प्रत्येक हातपंपाचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या पोरा-पोरींनी तो वाचून वस्तीला समजावून सांगा, आणि अहवालच नसेल तर नमुना घेण्याची तारीख लेखी घेऊनच उठा.

जय भीम!