फुलपांखरी तलवारींची जोडी

विंग चुन किंवा हुंग गार या दक्षिण चिनी युद्धविद्यांपैकीं एखादी शिकणारा तरुण घरांत असला, म्हणजे आज ना उद्यां तो फुलपांखरी तलवारींची जोडी मागणार. ती घेऊन द्यावी कीं न द्यावी, आणि द्यावयाची तर कोणती, याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

नांव नाजुक असलें तरी वस्तु तशी नाहीं. ही एका अंगास धार असलेली आंखूड तलवार. दोन तलवारी एकाच म्यानांत शेजारीं शेजारीं बसतात, म्हणून प्रत्येक मुठीची आंतली बाजू सपाट व बाहेरची गोलसर असते. बोटांवरून एक धातूची कडी येते, आणि पात्याच्या मुळाशीं टोंकाकडे वळलेला एक आंकडा असतो. प्रतिपक्षाचें हत्यार अडकविणें हें त्याचें एक काम. आंगठ्यानें तोच आंकडा धरून पातें उलटें फिरवितां येतें, हें दुसरें. अफूच्या पहिल्या युद्धाच्या सुमारास, म्हणजे १८३९ ते १८४२ च्या काळांत, कँटन प्रांतांतील गांवरक्षक पथकांच्या हातीं अशा जोड्या होत्या. त्या शतकांतील कित्येक पातीं लांब, अरुंद व जाड पाठीचीं, भोंसकण्यास योग्य अशीं आहेत. आजचीं विंग चुनचीं पातीं बहुधा आंखूड व रुंद. तेव्हां ‘अस्सल प्राचीन नमुना’ म्हणणाऱ्या दुकानदारास, कोणता नमुना, असें खुशाल विचारावें.

निवडीचें खरें माप शिकणाराचा हात होय. पातें उलटें फिरवून हाताखालीं टेंकविलें असतां टोंक कोपराशीं यावें. फार पुढें गेलें तर फिरवितांना स्वतःच्याच दंडास लागेल. एकाच घरांत दोघे भाऊ शिकत असले तरी एक जोडी दोघांस चालेलच असें नाहीं. कडीमध्यें चारी बोटें मोकळीं बसावींत. वजन पुढें झुकणारें नसावें, नाहींतर मनगट दुखावतें.

शोभेच्या चकचकीत जोड्यांविषयीं मात्र आमचें मत कठोर आहे. त्यांतील पुष्कळांचें पातें मुठींत जेमतेम दोन बोटें शिरलेलें असतें, आणि जोरानें फिरवितांना सुटलेलें पातें कोणाकडे जाईल याचा नेम नाहीं. पातें मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलें आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

परंतु मुळांत घाई कशाची? विंग चुनमध्यें या तलवारींचा ‘बात चाम दो’ हा पाठ अगदीं शेवटीं, रिकाम्या हाताचे पाठ, लांकडी पुतळा व लांब काठी यांच्यानंतर येतो. हाँगकाँगचे प्रसिद्ध गुरु इप मान (१८९३–१९७२) यांनीं तो थोड्याच शिष्यांस पूर्ण शिकविला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास लांकडी जोडी पुरे. पुढें गुरु सांगतील तेव्हां बोथट ॲल्युमिनियमची अथवा पोलादाची घ्यावी. सरावास धारेची गरज नसते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांची गणना शस्त्रांत केली आहे, आणि या तलवारी बहुधा ९ इंचांहून लांबच असतात. जोडी मागविण्यापूर्वीं आपल्या पोलीस ठाण्यांत चौकशी करावी. पोलादी पात्यास तेलाचा हात द्यावा, आणि पावसाळ्यांत तें कातडी म्यानांत ठेवूं नये. कातडें ओल धरतें व पातें गंजतें.