कधी पास, कधी नापास



माझी पुतणी पुण्यात एका संगणक कंपनीत लागली आहे. प्रोग्राम तपासणारे प्रोग्राम, म्हणजे चाचण्या लिहिणे हे तिचे काम. नोकरी अजून पक्की नाही, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आहे. उन्हाळ्यात जळकोटला आली तेव्हा चेहरा उतरलेला.

"काका, माझी चाचणी दहादा पास होते नि अकराव्यांदा नापास. साहेब म्हणतात, पुन्हा चालव, होईल पास. पण नापासची नोंद माझ्या नावावर पडते."

हे वाक्य आम्हा कारकुनांच्या ओळखीचे. बेरीज जुळेना, पुन्हा मारा. जुळली की सही करा! पण मग पहिल्या वेळची चूक गेली कुठे? गुगलसारख्या कंपनीनेही २०१६ साली कबूल केले होते की त्यांच्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत असा लहरीपणा आहे. तेव्हा पोरीने स्वतःला कमी लेखण्याचे कारण नव्हते.

मी म्हटले, चाचणी काय बघते ते तरी सांग. प्रोग्राम एका फोल्डरमध्ये पगारपत्रकांच्या फाईली तयार करतो आणि पहिली फाईल पहिल्या कर्मचाऱ्याची आहे का, हे चाचणी बघते.

"पहिली म्हणजे कोणती?" मी विचारले.

ती थांबली. आमच्या गठ्ठ्यात वर असते ती शेवटी कुणीतरी ठेवलेली फाईल. संगणकाचेही तसेच. फोल्डरकडे यादी मागितली तर ती क्रमानेच येईल अशी हमी नसते. कंपनीत चाचणी कधी या यंत्रावर चालते, कधी त्या. एकावर यादी योगायोगाने क्रमाने येई, दुसऱ्यावर नाही. उपाय एका ओळीचा : आधी यादी क्रमाने लावा, मग तपासा. क्रम लावतानाही १० हा २ च्या आधी येतो, कारण संगणक नाव अक्षर-अक्षर वाचतो. म्हणून ०१, ०२ असे लिहावे. आम्ही आवक-जावक नोंदवहीत हेच करत आलो.

ही चूक लहान समजू नका. रसायनशास्त्रातील आकडेमोडीचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रोग्राम याच कारणाने वेगवेगळ्या संगणकांवर वेगवेगळी उत्तरे देत होता. हवाई विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये ते उघड केले. पाच वर्षे शास्त्रज्ञ त्यावर विसंबून होते.

तिची दुसरी चाचणी वेळेवरून अडत होती. फाईल लिहायची, लगेच बदलायची, बदलाची वेळ पुढे सरकली का ते बघायचे. पण अनेक पेनड्राइव्हवर असणारी फॅट पद्धत ही वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदवते. त्या दोन सेकंदांत दोन्ही कामे उरकली तर नोंदीत फरकच दिसत नाही. कुणी सांगितले, मध्ये थोडे थांब. थांबून चाचण्या रेंगाळतात, आणि किती थांबावे हा पुन्हा अंदाजच. तिने फाईलवर जुनी वेळ स्वतःच टाकली, मग बदल केला. प्रश्न मिटला.

आता प्रत्येक चाचणीला ती वेगळे फोल्डर देते, दोघींनी एकाच ताटात हात घालू नये म्हणून. नापास झालेल्या चाचणीचे फोल्डर मात्र पुसत नाही, पुरावा राहतो.

परवा फोन आला. रात्रभर पाचशे वेळा चालवल्या, एकच पडली. साहेब म्हणाले, सोडून दे. तिने ते फोल्डर जपून ठेवले आहे.